अनपेक्षित आकुंचन

आत्या: थांब, थांब. ते वादळाचं वाक्य परत वाच.

भाचा: "ऐन हंगामात कापडाच्या अनपेक्षित आकुंचनाचे वादळ आमच्यासमोर उभे ठाकले. परंतु पूर्वनियोजित धोरण आणि वेळीच दाखवलेली लवचीकता, या दोन किल्ल्यांनी मी यशाचे कुलूप उघडले."

आत्या: आकुंचन म्हणजे काय रे?

भाचा: आटणं, आत्या. कापड आटलं ना, ते.

आत्या: मग आटलं म्हणायला काय जीभ झिजते तुझी?

भाचा: चारशे उद्योजक बसणार आहेत समोर. संघटनेने आपणहून बोलावलंय, विषयही त्यांनीच दिलाय, 'नियोजन आणि लवचीकता'. तिथे आटलं-बिटलं बरं दिसत नाही. तू फक्त आकडे बरोबर आहेत का ते सांग. चार वाजता कार्यक्रम आहे, अकरा इथेच वाजले.

आत्या: आकडे सांगते, लिहून घे. शाळेचे शर्ट बावीसशे. त्यातले शिवून झालेले बाराशे. आटले किती? बाराशेच्या बाराशे. उंचीला दोन इंच, छातीला एक. आता तू मला सांग, तुझं ते पूर्वनियोजित धोरण त्या दिवशी कुठे गेलं होतं?

भाचा: भिंतीवर होतं. हा काय तक्ता. अजून आहे.

आत्या: आहे बाई आहे. पाच रंगांचा आहे. सोमवारी कापड, मंगळवारी कटिंग, बुधवारपासून शिलाई. एका रंगाला दुसरा रंग चिकटलेला, मध्ये सुई जायला जागा नाही. कापड धुऊन बघायचा रकाना कुठल्या रंगात आहे?

भाचा: गिरणीने लिहून दिलं होतं, कापड आटत नाही म्हणून.

आत्या: गिरणी लिहून देईलच. तिला कापड विकायचंय. मी आणि तुझ्या बापाने दोन मशिनींवर हे काम सुरू केलं तेव्हापासून नव्या गिरणीचं कापड आलं की आधी एक तुकडा धुवायचा, वाळवायचा, मापायचा, मग कात्री. हे तुला बापाने सांगितलं होतं. मी दवाखान्यात जाताना जिन्यात उभी राहून सांगितलं होतं. तू काय म्हणालास? "चार दिवस वाया जातात, आत्या. शेड्यूल टाइट आहे." अगं बाई, टाइट! शिवणीत आपण मार्जिन ठेवतो ते काय कापड जास्त झालंय म्हणून? पोर उद्या अंगाने भरलं तर उसवून सोडता यावं म्हणून ठेवतो. तुझ्या अख्ख्या तक्त्यात अर्धा इंच मार्जिन नव्हतं.

भाचा: हे बरं आहे. हे भाषणात घालू?

आत्या: खबरदार!

भाचा: अगं, पण शेवटी झालं ना वेळेवर? शाळा खूश आहे. पुढच्या वर्षीचं कामही आपल्यालाच दिलंय. निकाल महत्त्वाचा.

आत्या: निकाल कुणी लावला? दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मी पंधरा दिवस तिकडे. परत येते तर काजं करणारी बाई जिन्यातच शर्ट घेऊन उभी. तिच्या हातून त्यावर तेलाचा डाग पडला होता, म्हणून बिचारीने गुपचूप धुतला, आणि वाळल्यावर बघते तर चौतीसचा शर्ट बत्तिसाच्या पोराला बसेल असा. ती रडत होती, की माझ्यामुळे शर्ट बिघडला. आणि तू कुठे होतास?

भाचा: इथे. वर.

आत्या: इथे खुर्चीत बसून डोकं धरून. "संपलं, आत्या, आपण संपलो," एवढंच म्हणत होतास. पाचावर धारण बसली होती तुझी. आणि आता म्हणतोस मी कुलूप उघडलं! दोन पानांत किती वेळा 'मी' आलाय माहितीये? सतरा वेळा. मी ऐकता ऐकता बोटांवर मोजत होते.

भाचा: तिथे कंपनीच्या वतीने बोलताना...

आत्या: मग कंपनीने काय केलं ते सांग की. सांग, बाराशेच्या बाराशे शर्ट आम्ही मुद्दाम धुतले. लॉन्ड्रीवाल्याच्या हातापाया पडून त्याची मोठी मशिनं तीन दिवस मागून घेतली. गच्चीवर दोऱ्या बांधल्या. वाळलेला एकेक शर्ट टेपने मोजला, एकेक. चौतीसचं लेबल उसवून बत्तीसचं लावलं, बत्तीसचं काढून तिसाचं. सगळा ढीग एक माप खाली सरकवला. मग मोठी मापं कमी पडली, तर उरलेलं कापड आधी धुतलं आणि त्यातून नुसती मोठीच मापं कापली. ही तुझी लवचीकता. सात बायका अकरा दिवस गच्चीवर वाकून उभ्या होत्या. त्यांच्या कमरेला विचार लवचीकता म्हणजे काय.

भाचा: मी त्यांना धन्यवाद दिलेत. शेवटच्या ओळीत, "सर्व सहकाऱ्यांचे".

आत्या: आणि शाळेत कोण गेलं?

भाचा: तू.

आत्या: मुख्याध्यापिकाबाईंसमोर बसून मी खरं ते सांगितलं. कापड आटलंय, आमची चूक आहे, पण आता देऊ ते शर्ट पुन्हा आटणार नाहीत. लहान वर्ग आधी भरतात, मोठे आठवड्याने, तर लहान मापं आधी घ्या, मोठी मागून. त्या बाईंनी चहा दिला मला. तू म्हणत होतास, शाळेला कळता कामा नये.

भाचा: ठीक आहे. तिथे 'मी' च्या जागी 'आम्ही' करतो. सतरा ठिकाणी. झालं समाधान? पुढचा परिच्छेद ऐक, मग मी निघतो. "या प्रसंगात आम्ही प्रथम मूळ कारणाचा शोध घेतला. उत्पादन प्रक्रियेतील मानवी चूक निश्चित करून तिचे तातडीने निराकरण केले. कटू निर्णय वेळेवर घेणे, हेही नेतृत्वाचे..."

आत्या: काय म्हणालास?

भाचा: कटू निर्णय.

आत्या: त्याच्या आधी.

भाचा: मानवी... अगं, तो एक सर्वसाधारण शब्द आहे. कुणाचं नाव थोडंच घेतलंय.

आत्या: मानवी चूक. मानवाला नाव आहे, हुद्दा आहे, बायको आहे. सव्वीस वर्षं या टेबलावर उभं राहून त्या माणसाने कापड कापलं. साठ थर एका दमात, आणि वरच्या थरात नि खालच्या थरात सुताचा फरक नाही. त्या मास्तरांना तू सगळ्या बायकांदेखत म्हणालास, तुम्ही मापाचा फर्मा चुकीचा लावलात, उंचीत दोन इंच खाल्लेत, उद्यापासून येऊ नका. आणि त्याचं आता भाषण करतोस? त्यावर टाळ्या घेणार?

भाचा: त्या क्षणी तसं वाटलं होतं मला.

आत्या: तासाभरात कळलं होतं की कापड आटलंय! न धुतलेला शर्ट मी तुझ्यासमोर फर्म्यावर ठेवला होता. रेघेला रेघ बसली. मग तासाभरात का नाही गेलास त्यांच्या घरी? दुसऱ्या दिवशी का नाही? आज चार महिने झाले.

भाचा: जायचं होतं. कामाच्या धबडग्यात राहून गेलं. मग इतके दिवस झाले, की जाऊन काय तोंडाने बोलू, असं झालं. आणि त्यांना दुसरीकडे काम मिळालंच असेल. इतका हुशार माणूस.

आत्या: मिळालंय. काय ते त्यांनाच विचार. आत्ता येतायत.

भाचा: कोण? मास्तर? इथे? आज?

आत्या: त्यांची कात्री राहिलीये इथे. चार महिने मी कपाटात ठेवलीये, तेल लावून. परवा निरोप आला, कात्री न्यायला येऊ का म्हणून. येऊ का! मी म्हटलं शनिवारी अकराला या.

भाचा: आत्या, हे तू मुद्दाम केलंस.

आत्या: नियोजन म्हणतात त्याला.

(जिन्यावर पावलं वाजतात. मास्तर दारात येऊन उभे राहतात, हातात कापडी पिशवी.)

मास्तर: येऊ का आत?

आत्या: विचारताय काय, मास्तर? या, बसा.

मास्तर: बसत नाही, ताई. कात्री घेतो, निघतो. छोटे मालक, नमस्कार.

भाचा: नमस्कार, मास्तर. बरे आहात ना? कुठे... हल्ली कुठे असता?

मास्तर: बाजारात शिंप्याचं एक दुकान आहे. तिथे पँटी आखूड करतो.

भाचा: पँटी आखूड?

मास्तर: रेडिमेड घेतात लोक, पायाला लांब होते. खाली दुमडून शिलाई मारायची. दिवसाला तीस-पस्तीस होतात.

आत्या: ऐकतोयस ना? साठ थर कापणारा हात.

भाचा: पण दुसऱ्या कारखान्यांत कटिंगला माणसं लागतातच की. तुम्ही कुठे विचारलं नाहीत?

मास्तर: चार ठिकाणी विचारलं. चौघांनाही माहीत होतं, की उंचीत चुकलेला मास्तर तो हाच. एकाने चांगुलपणाने सांगितलं, म्हणाला, डोळे तपासून घ्या. मी तपासून घेतले. डोळे चांगले आहेत.

आत्या: वाच आता. तो परिच्छेद मास्तरांना वाचून दाखव.

भाचा: आत्या, नको ना.

आत्या: चारशे लोकांपुढे वाचणार होतास. एकापुढे वाचायला काय झालं? आण इकडे, मी वाचते. "कापडाच्या अनपेक्षित आकुंचनाचे वादळ..." म्हणजे आटणं, मास्तर. "... उत्पादन प्रक्रियेतील मानवी चूक निश्चित करून तिचे तातडीने निराकरण केले."

मास्तर: हे कशासाठी आहे?

आत्या: साहेबांचं भाषण आहे आज. यशस्वी कसं व्हावं यावर.

मास्तर: बरं. त्यात एक शब्द चुकलाय.

भाचा: मानवी चूक. हो. मी तो काढतोच आहे, मास्तर. आत्ताच काढला, हे बघा.

मास्तर: तो नाही. 'अनपेक्षित' म्हणालात ना. अनपेक्षित कुठे होतं? तुकडा दिला होता मी तुम्हाला.

आत्या: कसला तुकडा?

मास्तर: तुम्ही दवाखान्यात होतात, ताई. सोमवारी तागे आले. छोटे मालक म्हणाले, धुवायला वेळ नाही, उद्या कापायला घ्या. मी एक तुकडा घरी नेला. त्यावर पेन्सिलीने चौकोन काढला, वीस इंच बाय वीस इंच. रात्रभर भिजवला, सकाळी वाळवून इस्त्री मारली, परत मापला. उभा साडेअठरा भरला, आडवा साडेएकोणीसला जरा कमी. मंगळवारी कामावर आल्या आल्या यांच्या हातात दिला.

आत्या: हे खरं आहे?

भाचा: मला निघायला उशीर होतोय, आत्या.

आत्या: मी तुला विचारतेय. मास्तरांनी कापायच्या आधी तुला सांगितलं होतं?

भाचा: हो.

आत्या: आणि तू काय केलंस?

भाचा: ड्रॉवरमध्ये टाकला.

आत्या: कुठल्या?

भाचा: याच. खालच्या.

आत्या: सरक. सरक बाजूला, म्हणते ना. हा काय... देवा रे. तारीखसुद्धा घातलीये कोपऱ्यात. मापंही लिहिलीत दोन्ही, आधीचं नि नंतरचं. चार महिने मी तुझी बाजू घेत होते रे घरी. तुझ्या बापाला म्हणायचे, पोराला माहिती नव्हतं, शिकेल. मला वाटत होतं तू अडाणी आहेस. अडाणी परवडला असता!

भाचा: ऐकून तर घे. बाबा ऑपरेशनला, तू तिकडे, माझ्या हातात पहिलंच मोठं काम. धुवायला घेतलं असतं तर चार दिवस मागे पडलो असतो, आणि सगळे म्हणाले असते, बाप दवाखान्यात गेल्याबरोबर पोराने तारीख चुकवली. मला वाटलं, एका तुकड्याचं काय, सगळं कापड तसं नसेल. आणि मग तो शर्ट समोर आला तेव्हा... मी सगळ्यांसमोर उभा होतो, सगळे माझ्याकडे बघत होते. पहिलं तोंडात आलं ते बोललो.

आत्या: पहिलं तोंडात त्यांचं नाव आलं. ज्याने सांगितलं होतं त्याचंच! कारण तेवढ्या एकाच माणसाला माहीत होतं. तो बाहेर गेला की झाकलं गेलं. याला घाबरणं म्हणत नाहीत. चांगला विचार करून, डोकं चालवून केलंस तू. हे तुझं खरं नियोजन. हे वाच जा स्टेजवर!

भाचा: विचार करून नाही केलं, आत्या. शपथ.

आत्या: आणि मास्तर, तुम्ही! तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? एवढं लिहिलेलं माप होतं. सगळ्यांपुढे म्हणायचं, ड्रॉवर उघडा म्हणून.

मास्तर: सव्वीस वर्षं झाल्यावर ड्रॉवर उघडून दाखवायचा?

आत्या: म्हणजे?

मास्तर: मला वाटलं, माझ्या वतीने दुसरं कुणी बोलेल. तुम्ही तिथेच होतात, ताई.

आत्या: मी तेव्हा... बाराशे शर्टांचं काय करायचं, हेच डोक्यात होतं माझ्या. शाळा भरायला सोळा दिवस होते.

मास्तर: मला माहितीये. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग खाली बघून टेप उचललीत आणि मापायला लागलात. मी दारात थोडा वेळ थांबलो होतो.

आत्या: मी नंतर याला तीनदा म्हणाले, जा, मास्तरांना घेऊन ये. विचारा याला.

भाचा: म्हणाली होती. खरं आहे.

मास्तर: असेल ना. पण माझं घर तुम्हालाही माहीत होतं, ताई. मुलीच्या लग्नात तुम्ही चार दिवस राहायला होतात.

आत्या: माहीत होतं.

मास्तर: रागवून नाही बोलत. उरलेलं कापड कुणी कापलं?

आत्या: मी. मनगट सुजलं होतं. अजून थंडीत दुखतं.

मास्तर: मोठी मापं होती ना? बेचाळीसचा फर्मा वळणावर जरा कच्चा आहे. बगलेत ओढ बसली असेल.

आत्या: बसली. वीसेक शर्ट उसवावे लागले.

मास्तर: मला वाटलंच. घरी बसल्या बसल्या तेच येत होतं मनात, बेचाळीसला काय केलं असेल.

भाचा: मास्तर, मी आज तिथे सांगतो. हे भाषण राहू दे. चारशे लोकांपुढे तुमचं नाव घेऊन सांगतो, की चूक माझी होती, मास्तरांनी आधीच सांगितलं होतं. वर्तमानपत्रवालेही असतील. सगळ्या कारखान्यांचे मालक असतील. तुम्ही चला माझ्याबरोबर, पहिल्या रांगेत बसा.

मास्तर: तिथे नको.

भाचा: का? सगळ्यांना कळेल.

मास्तर: तिथे मला ओळखतं कोण? तुम्ही माझं नाव घेतलंत की लोक तुमच्यासाठीच टाळ्या वाजवतील. केवढं मोठं मन म्हणून. मी पहिल्या रांगेत बसून काय करू, मीही वाजवू?

आत्या: बरोबर बोललात. नुसतं 'मी' चं 'आम्ही' केल्यासारखंच झालं ते.

भाचा: मग मी काय करू, ते तरी सांगा. परत या म्हणतो. सोमवारपासून. जिथे सोडलं होतं तिथून, जसंच्या तसं.

मास्तर: परत यायचं नंतर बघू. आल्यावर मला त्याच बायकांमध्ये उभं राहायचंय. त्यांच्यातल्या निम्म्यांना अजून वाटतं, म्हातारा चुकला आणि त्याच्यापायी आम्ही अकरा दिवस उन्हात वाळलो. काजवाली मला बाजारात दिसते, तर रस्ता बदलते.

भाचा: म्हणजे खाली सांगू? त्यांना?

मास्तर: जिथे म्हणालात तिथे.

भाचा: आज? आत्ता?

मास्तर: मला दोनला दुकानात पोचायचंय. आठ पँटी पडल्यात.

भाचा: त्या काय म्हणतील मला? उद्यापासून मी काही सांगितलं तर ऐकतील का?

आत्या: ते तुझं तू बघ. मास्तरांना चार महिने कुणी विचारलं होतं? आण तो तुकडा. हातात धर आणि चल. पुढे मी बोलणार आहे.

भाचा: तू काय बोलणार?

आत्या: मी टेप उचलली, ते.

मास्तर: ताई, तुम्ही नाही बोललात तरी चालेल.

आत्या: मला नाही चालणार. चल रे, उतर. सांभाळून, पायरी बघ. थांबलास काय? अजून आठ पायऱ्या आहेत.

भाचा: इथूनच सांगतो. इथून सगळे दिसतात. अहो, ऐका जरा! सगळ्यांनी इकडे लक्ष द्या, मला एक सांगायचंय...

मास्तर: असं नको, छोटे मालक. आधी मशिनी बंद करायला सांगा. त्या दिवशी केल्या होत्यात.